कानात वाजतंय ते नेमकं काय असतं, आणि "सवय करून घ्या" म्हणजे करायचं काय?

आमच्या इचलकरंजीत लाईट गेली की आधी शांतता ऐकू येते. बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, पण ज्या गल्लीत दोन्ही बाजूला शेड आहेत आणि दिवसरात्र यंत्रमागांचा खटाखट खटाखट चालू आहे तिथं लाईट जाणं म्हणजे कुणीतरी डोक्यावरचं गाठोडं उतरवल्यासारखं असतं. अशाच एका रात्री, झाली आता आठेक वर्षं, सगळे माग गप्प झाले आणि माझ्या लक्षात आलं की एक आवाज काही बंद झालेला नाही. बारीक, उंच पट्टीतला, ईईईई असा, जुना डबा टीव्ही चालू केल्यावर यायचा ना तसा. मला वाटलं ट्रान्सफॉर्मर असेल, म्हणून बाहेर जाऊन चांगला पाच मिनिटं खांबाखाली उभा राहिलो. मग डोक्यात आलं, अरे लाईटच नाही तर ट्रान्सफॉर्मर वाजेल कसा.

याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथात कर्णनाद. आपण बोलताना म्हणतो कान वाजतोय, कानात रातकिडे बसलेत, कुकरची शिट्टी होतेय, गुंई गुंई होतंय. कुणाला समुद्राची गाज ऐकू येते, कुणाला नुसती किर्रर्र. सगळ्यांचं एकच की बाहेर आवाज नाही आणि आत आहे. उचकी लागली तर निदान कुणीतरी आठवण काढतंय म्हणून बरं तरी वाटतं, कानाच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. आणि हा काही दुर्मिळ प्रकार नाही. २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला, त्यात अंदाज निघाला की मोठ्या माणसांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हे होतं, म्हणजे जगात ७४ कोटींच्या वर, आणि खूप त्रास होणारे त्यातले १२ कोटी.

मी डॉक्टरकडे गेलो. दीड तास नंबर लावून बसलो, आत गेल्यावर कानात बघितलं, मळ नाही, पडदा चांगला आहे, नस थोडी कमजोर झालीय, याला औषध नाही, सवय करून घ्या. झालं. अर्धा मिनिट. डॉक्टर चुकीचं बोलले असं आता मला वाटत नाही, पण सवय करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही आणि त्या एका वाक्याने माझं पहिलं वर्ष खाल्लं. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय. मी डॉक्टर नाही, कापडाच्या धंद्यातला माणूस आहे, पण आठ वर्षं या विषयाच्या मागे लागलो, ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमचं डोकं खाल्लं, तर जे समजलं ते असं.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो, वाटाण्याएवढा, अडीच वेढ्यांचा. त्यात पाणी आणि त्या पाण्यात रांगेने उभ्या बारीक केसांच्या पेशी, एका कानात पंधरा-सोळा हजार, त्यातल्या मेंदूपर्यंत खरा निरोप नेणाऱ्या जेमतेम साडेतीन हजार. आवाज आला की पाणी हलतं, केस वाकतात, वीज तयार होते, निरोप जातो. वाऱ्यात ज्वारीचं पीक हलतं तसं समजा. थोडा वारा आला तर ताटं परत उभी राहतात, रोज वादळ आलं तर काही ताटं आडवी होतात ती होतातच. आणि माणसाच्या कानात ही पेशी एकदा मेली की परत उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते बरं का! या एका बाबतीत आपल्यापेक्षा कोंबडी बरी.

शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी उंच आवाजासाठी आणि आत टोकाकडच्या खर्जासाठी, अशी वाटणी असते. मोठ्या आवाजाने मार बसतो तो बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बऱ्याच उंच पट्टीच्या, आसपास. माझा ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं त्याचा आलेख, बघितला तर सगळी रेघ सरळ आणि ४००० ला खड्डा, उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या दोन्ही तिथं धपकन खाली. म्हणजे मी बहिरा नाही, समोरासमोर बोललेलं सगळं कळतं, फक्त स, श, फ असली अक्षरं हवेची असतात ती निसटतात. धंद्यात याची मजा अशी होते की पार्टी फोनवर साठ मीटर म्हणते आणि मला आठ मीटर ऐकू येतं. वर्षानुवर्षं मी समजत होतो की लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

टेस्टची अजून एक गंमत. काचेच्या बंद केबिनमध्ये बसवतात, हेडफोनमध्ये बीप आली की बटण दाबायचं. आता माझ्या कानात आधीच त्याच पट्टीतली बीप चालू, मला कळेना मशीनची कुठली आणि घरची कुठली, मी आपला अंदाजपंचे बटण दाबत राहिलो. मॅडमना ते लगेच कळलं, त्यांनी मशीनवर तुटक तुटक बीप लावली मग जमलं. तुम्ही टेस्टला गेलात तर आधीच सांगा की कान वाजतोय.

आता मुख्य प्रश्न. पेशी मेल्या तर शांतता व्हायला पाहिजे, आवाज कसा काय येतो? इथं मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण कीर्तनातलं आहे. बुवा यायच्या आधी माईकवाला येऊन आवाज वाढवून ठेवतो. माईकसमोर कुणी नाही, तरी स्पीकरमधून हंऽऽऽ असा आवाज येत राहतो. तो आवाज ॲम्प्लिफायरचा स्वतःचा असतो, तो कायम असतोच, फक्त बटण जास्त पिळल्यामुळे ऐकू येतो. मेंदूचं तेच होतं. एका पट्टीतला निरोप कानाकडून यायचा कमी झाला की मेंदू त्या पट्टीचं बटण पिळतो, काहीतरी ऐकू येऊ दे म्हणून, आणि मग नसांची जी आपली आपण चाललेली खुटखुट असते तीच शिट्टी होऊन ऐकू येते. म्हणून शिट्टीची पट्टी आणि ऑडिओग्राममधल्या खड्ड्याची पट्टी बहुतेक जुळतात. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते म्हणतात, त्यातला प्रकार. याचा सगळा हिशेब अजून शास्त्रज्ञांना लागलेला नाही, पण आज सगळ्यात जास्त मानलं जातं ते स्पष्टीकरण हे आहे. एक पुरावा तर फार बोलका आहे, काही रोग्यांची कानाची नस ऑपरेशनमध्ये कापली गेली तरी कित्येकांचा आवाज चालूच राहिला. म्हणजे दुकान कानात नाही, वर आहे.

आणि थोडा आवाज तर सगळ्यांच्याच डोक्यात असतो. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून पूर्ण ध्वनिबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं विचारलं, तर ९४ टक्के लोकांनी काही ना काही सांगितलं, गुणगुण, शिट्टी, घुमल्यासारखं. त्यातल्या कुणाचीच कानाची तक्रार नव्हती. हे वाचलं त्या दिवशी मला जरा झोप लागली.

मग त्रास काहींनाच का होतो? याचं उत्तर मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, न कळत देऊन ठेवलं होतं. अण्णा शेडमध्येच कोपऱ्यात बाजलं टाकून झोपायचे. बारा माग चालू, शेजारच्याशी कानात ओरडून बोलावं लागतं अशा आवाजात माणूस घोरायचा. आणि कांडीवरचं सूत संपून एक माग थांबला, फक्त एक, की ताडकन उठून बसायचे. अकरा मागांच्या आवाजात झोप आणि एकाच्या न वाजण्याने जाग. म्हणजे झोपेतसुद्धा मेंदू सगळं ऐकत असतो आणि ठरवत असतो की हे कामाचं, हे बिनकामाचं. चालू माग म्हणजे सगळं ठीक, झोपा. थांबलेला माग म्हणजे नुकसान, उठा.

टिनिटसमध्ये मेंदूतला हाच चौकीदार चुकतो. नवीन आवाज आला, कुठून आला कळत नाही, डॉक्टर म्हणतात औषध नाही, मग मेंदू त्यावर धोका म्हणून शिक्का मारतो. धोका म्हटला की छातीत धडधड, झोप उडते, सारखं लक्ष तिकडे, लक्ष गेलं की आवाज अजून मोठा वाटतो, मोठा वाटला की अजून भीती. गोल गोल. यास्त्रेबॉफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये हे चक्र मांडलं आणि मेंदूला आवाजाची सवय लावणारी पुढची सगळी ट्रेनिंगवाली उपचारपद्धत त्यावर उभी राहिली. आवाज मुळात किती मोठा आहे याचा आणि त्रासाचा फारसा संबंध नसतो हे तर मी स्वतः अनुभवलंय. मॅडमनी मशीनवर माझ्या शिट्टीशी आवाज जुळवून बघितला आणि सांगितलं, त्या पट्टीत तुम्हाला जिथून ऐकू यायला सुरुवात होते त्याच्या फक्त ७ डेसिबल वर आहे. मला राग आला हो! फक्त सात? मी इथे रात्र रात्र जागा आणि आवाज कुजबुजीएवढा? त्या म्हणाल्या बहुतेकांचा एवढाच असतो.

तर सवय करून घ्या म्हणजे त्या चौकीदाराला पटवायचं की हा आवाज चालू मागासारखा आहे, थांबलेल्या मागासारखा नाही. पटवायचं पण समजावून नाही, चौकीदाराला मराठी येत नाही, त्याला रोज दाखवावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे शांतता शोधू नका. मी नेमकं उलटं केलं होतं, खिडक्या बंद, पंखा बंद, कानात बोळे, म्हटलं डोकं शांत होऊ दे. शांततेत बटण अजून पिळलं जातं. आता माझ्या खोलीत रात्री काहीतरी चालू असतं, पंखा, पावसाचा आवाज, हळू आवाजात रेडिओ. आवाज केवढा ठेवायचा याचं माप आहे, शिट्टी पूर्ण झाकायची नाही, ती ऐकू येत राहिली पाहिजे आणि शेजारी हा आवाज पण, दोन्ही एकमेकांत मिसळतील असा. झाकून टाकली तर मेंदू शिकणार काय? आणि इअरफोन कोंबून मोठ्याने गाणी लावून शिट्टी दाबायला जाऊ नका, ते म्हणजे आग विझवायला रॉकेल.

ज्यांना खरंच कमी ऐकू येतं त्यांनी श्रवणयंत्राला लाजू नये. बाहेरचे हरवलेले आवाज परत आत आले की मेंदूला बटण पिळायचं कारण कमी होतं, बऱ्याच जणांची शिट्टी यंत्र घातल्यावर मागे पडते. फक्त यंत्र विकणाऱ्या दुकानात थेट जाऊ नका, आधी ऑडिओलॉजिस्टकडून पूर्ण तपासणी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून हेच काम करते, म्हैसूरची वाक् श्रवण संस्था तर १९६५ ची. ज्यांचं ऐकणं खूपच कमी आहे आणि उत्पन्न पण कमी आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारची यंत्रं-साधनं देणारी एडिप योजना आहे, चौकशी करा.

दुसरं म्हणजे सीबीटी, विचारांवर काम करणारी थेरपी. नाव ऐकून मला आधी वाटलं होतं आता हे मला वेड्यात काढतायत. तसं नाही. आजवर सगळ्यात चांगला पुरावा याच उपचाराचा आहे, उपचारांचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातही तेच निघालं, आवाज कमी होत नाही पण त्याचा जाच कमी होतो. होतं काय तर रात्री दोन वाजता विचार येतो की हे आता मरेपर्यंत असंच, मी वेडा होणार. थेरपिस्ट तुम्हाला तो विचार कागदावर लिहायला लावतो आणि विचारतो, बरं, गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंत? मी म्हटलं सायझिंगला, म्हणजे सुताला खळ देतात तिथं, गेलो होतो, ताण्याच्या बीमचं भांडण मिटवलं. तेव्हा वाजत होता? मी गप्प. वाजत असणारच की, पण मला आठवेना. सहा-सात वेळा गेलो, तेवढंच, पण त्या एका प्रश्नाने काम केलं.

घरच्यांसाठी एक सांगतो. माझी बायको रोज सकाळी चहा देताना प्रेमाने विचारायची, आज वाजतोय का हो? आणि जो आवाज मी उठल्यापासून विसरलो होतो तो त्या सेकंदाला हजर. शेवटी हात जोडून सांगितलं, विचारू नकोस, वाईट असेल त्या दिवशी मीच सांगीन. तसंच मी वहीत रोज दहापैकी किती मार्क लिहायचो आवाजाला, ती वही पण बंद केली. रोज मोजत बसलं की चौकीदाराला वाटतं मालक एवढा मोजतोय म्हणजे प्रकरण मोठं असणार.

अधूनमधून वाढतो, ते गृहीत धरा. सर्दी, जागरण, लग्नाची वरात, पैशाचं टेन्शन. दोन-चार दिवसांत परत बसतो. दात घट्ट आवळले की किंवा मान वळवली की बऱ्याच जणांचा आवाज बदलतो, घाबरू नका, जबड्याच्या आणि मानेच्या नसांचा वर मेंदूत कानाच्या नसांशी संबंध असतो, उलट तसं होत असेल तर दाताच्या डॉक्टरचा आणि फिजिओचा उपयोग होऊ शकतो.

औषधांचं काय? टिनिटसवर म्हणून खास मान्य झालेली गोळी आजच्या तारखेला नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नका असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय. फेसबुकवर सात दिवसांत कान शांत करणारे थेंब येतात त्यात मी पण साडेतीन हजार घातलेत, सांगायला लाज कसली. लसणीचं गरम तेल घालायचा सल्ला प्रत्येक लग्नात एक तरी मावशी देते, पडद्याला भोक असेल तर ते आत जाऊन वाटोळं करेल, घालू नका. कानकोरणं पण नको. चहा सोडा म्हणतात, त्याला मात्र दमदार पुरावा नाही, अमेरिकेत ६५ हजारांवर बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तर कॅफिन जास्त घेणाऱ्यांमध्ये टिनिटस थोडा कमीच निघाला. मी महिनाभर चहा सोडला होता, कान वाजायचा आणि वर डोकं पण दुखायचं. उलट काही औषधांमुळे कान वाजू शकतो, ॲस्पिरिन जास्त डोसमध्ये, क्विनाइन, स्ट्रेप्टोमायसिन-जेंटामायसिन जातीची इंजेक्शनं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन. मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगा.

आता हे नीट वाचा. एकाच कानात वाजत असेल, नाडीच्या ठोक्यावर धकधक वाजत असेल, सोबत चक्कर असेल, कानातून पाणी येत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर घरी बसून सवय करत बसायचं नाही. एका बाजूच्या टिनिटसमागे क्वचित नसेवरची गाठ असते, ती एमआरआयमध्ये दिसते, धकधक असेल तर रक्तवाहिन्या तपासतात. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, सकाळी उठलो तर कान बंद, तर तो मळ समजून आठ दिवस घालवू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त असतो. आणि जगणं नको वाटायला लागलं, तसं होतं, मला एका रात्री झालंय, तर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

राहिले ज्यांचे कान अजून चांगले आहेत ते. हिशेब साधा आहे, ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला पंधरा मिनिटं. मागाच्या शेडमध्ये नव्वदच्या वर सहज जातं आणि आमची पाळी बारा तासांची. विसर्जन मिरवणुकीतल्या स्पीकरसमोर पंधरा मिनिटांत कोटा संपतो, पोरं सहा तास नाचतात. दुसऱ्या दिवशी कान सुन्न आणि शिट्टी, दोन दिवसांत गेली की सगळे विसरतात, पण कानातली ताटं वाकली होती, सगळीच परत उभी राहतात असं नाही.

मागवाले कानात कापसाचा बोळा घालतात तो नावालाच, आवाज फार अडत नाही. फोमचे प्लग लागतात आणि ते घालायची पण एक रीत आहे, बोटात वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, पटकन आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो घातलाच नाही म्हणून समजा. पण शिट्टीवाल्यांनी घरात, बाजारात, दिवसभर प्लग घालून फिरायचं नाही हां, त्याने कान अजून हळवा होतो, भांड्याचा आवाज पण सहन होईनासा होतो.

मी शेडमध्ये दारापाशी प्लगचा डबा ठेवलाय. नवीन पोरं घालतात, जुन्यांना पटवायला वेळ लागला. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, तीस वर्षं मागावर आहे, तो फक्त एकाच कानात घालतो. म्हटलं मामा, दुसऱ्या कानाचं काय? तर म्हणाला, तो मागासाठी ठेवलाय, बिघाड आधी कानाला कळतो. त्याला ऑडिओग्रामला घेऊन जायचंय, दोन महिने झाले, पुढच्या आठवड्यात म्हणतोय.